निळ्या प्रकाशाचा चष्मा लावून पोरं लवकर झोपणार नाहीत

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी आली आणि आमच्या पालकांच्या ग्रुपवर परत तीच चर्चा, मोबाईलचा निळा प्रकाश झोप उडवतो, तो अडवणारा चष्मा घ्या. निळा प्रकाश मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन) कमी करतो हे खरंय. पण २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग आला, त्यात १२ तरुणांना झोपायच्या आधी रोज ४ तास टॅब्लेटवर पुस्तक वाचायला दिलं, तेही फुल ब्राइटनेसवर, आणि छापील पुस्तक वाचल्यावर लागतो त्यापेक्षा झोप लागायला साधारण १० मिनिटंच जास्त लागली. रात्री दीड वाजेपर्यंत रील्स बघणाऱ्या पोराचं उत्तर त्या १० मिनिटांत नाहीये.

खरी गंमत मेंदूत आहे. झोप दोन गोष्टींवर ठरते, हे मॉडेल अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं. पहिली गोष्ट झोपेचा दाब. मेंदूच्या पेशी काम करताना एटीपी हे ऊर्जेचं रसायन खर्च करतात, त्यातून झोप आणणारं अ‍ॅडेनोसिन साचत जातं, जितकं जागाल तितकं जास्त, आणि झोपेत ते उतरतं (कॉफी त्याच्याच रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसते म्हणून तरतरी येते). दुसरी गोष्ट घड्याळ. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, त्या पेशींत ‘पिरियड’ नावाच्या जीनचं प्रोटीन तयार होतं, साठलं की आपल्याच जीनला बंद करतं, मग विघटन होऊन कमी झालं की जीन परत चालू, हा फेरा साधारण २४ तासांचा. माशीमध्ये ही यंत्रणा उलगडणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता वयात येताना दोन्ही बदलतात! घड्याळ एक-दोन तास मागे पडतं आणि दाबही हळू चढतो. म्हणजे १५ वर्षांच्या मुलीला रात्री १० वाजता खरंच झोप आलेली नसते, तो आळस नाही की उद्धटपणा नाही. नेमक्या त्या रिकाम्या वेळेत हातात मोबाईल येतो, फीडला शेवट नसतो, मैत्रिणीने मेसेज बघून उत्तर दिलं नाही याची धडधड असते, मग पुढे दाब चढला तरी जाणवत नाही.

झोप बुडाली की मनावर काय होतं? २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात एक रात्र जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली तेव्हा भीती-रागाशी जोडलेला मेंदूचा भाग, अमिग्डाला, झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटला. आणि हे उलटंही चालतं, आधीच उदास असलेलं मूल रात्री जास्त स्क्रोल करतं, त्यामुळे सगळा दोष अ‍ॅपवर टाकणं मला पटत नाही.

या वयात ८ ते १० तास झोप लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, चांगलंच केलं, पण लहान मुलं तशी लवकर उठतात, ज्यांचं घड्याळ मागे पडलंय ती नववी-दहावीची पोरं कित्येक शाळांत अजून ७ च्या ठोक्याला वर्गात असतात. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत.