दोन इलेक्ट्रोडवर ईसीजी मिळतो का?

‘तिसरा इलेक्ट्रोड नसेल तर हृदयाचा सिग्नल मिळतच नाही,’ असं बरीच वर्षं फिरतंय. तसं नाही. ईसीजी म्हणजे शरीरावरच्या दोन बिंदूंमधला जेमतेम १ मिलिव्होल्टचा फरक, त्यामुळे मोजायला दोन इलेक्ट्रोड (त्वचेवर लावायचे विद्युत संपर्क) पुरतात. तिसरा मुख्यतः विजेच्या तारांमधून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण दाबतो. गैरसमज बहुधा इथूनच आला, आणि तो समजण्यासारखा आहे.

दोनच असतील तर इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायरच्या (दोन इनपुटमधला फरक मोठा करणाऱ्या चिपच्या) प्रत्येक इनपुटपासून मध्य-व्होल्टेजकडे, म्हणजे पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजकडे, साधारण १० मेगाओहमचा रोध (रेझिस्टर) जोडा. पडताळा सोपा: रोध काढले की आउटपुट बहुधा एका टोकाला जाऊन अडकतं, लावले की ठोके दिसतात. सर्किट फक्त बॅटरीवर चालवा, चार्जर किंवा मेन्सला (घरच्या वीजपुरवठ्याला) जोडलेलं काहीही नको. याबाबत तडजोड अजिबात नको.