सगळी गाणी सारखीच वाटतात, ती कधीपासून?

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बघता बघता ओसरली. ही गाणी उथळ आहेत, परदेशी चालींवर पोसलेली आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. आज ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळातल्या गाण्यांबद्दल सरकारदरबारी हे मत होतं. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथले प्रायोजित हिंदी कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचे आणि टेपा कोलंबोला रवाना व्हायच्या. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या.

आज तक्रार आहे ती हल्लीची सगळी गाणी सारखीच वाटतात अशी. म्हणजे चालू काळातल्या गाण्यांबद्दलची तक्रार नवी नाही. पण ती जुनी आहे म्हणून खोटी ठरत नाही. घोळ होतो तो ‘विविधता’ या शब्दाने. बाजारात किती तऱ्हेची गाणी तयार होतात, एका गाण्याच्या पोटात किती गोष्टी घडतात आणि त्यातलं आपल्या कानावर काय पडतं, हे तीन वेगळे हिशेब आहेत. ते एकाच दिशेने चालत नाहीत.

पाश्चात्त्य गाण्यांचं रीतसर मोजमाप झालेलं आहे. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणं संगणकावर तपासली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा कमी झाल्या, वाद्यांचे नाद एकमेकांच्या जवळ आले आणि आवाजाची पातळी चढत गेली, असं त्यांना आढळलं. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीतली १९६० ते २०१० ची सुमारे १७ हजार गाणी घेतली. प्रत्येकाचा तीस सेकंदांचा तुकडा तपासून त्यांनी सांगितलं की सलग घसरण वगैरे काही नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ च्या सुमाराला मोठे पालट झाले. विविधतेचा तळ लागला तो १९८६ च्या आसपास, आणि पुढे ती पुन्हा वाढली. २०२४ च्या एका अभ्यासात १९५० ते २०२३ मधल्या दर वर्षीच्या पहिल्या पाच अमेरिकी गाण्यांच्या फक्त चाली पाहिल्या गेल्या. तिथे स्वर आणि लय या दोन्हींतली गुंतागुंत कमी होत गेलेली दिसली, मात्र दर सेकंदाला येणाऱ्या स्वरांची संख्या वाढलेली होती. तिघांनी वेगळं मोजलं, तिघांना वेगळं सापडलं. यातलं काहीही मराठी गाण्याला जसंच्या तसं लावता येत नाही. कॉर्ड मोजणाऱ्या फूटपट्टीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, दिसत नाही, आणि रूपक व दादरा या तालांतला फरक तिच्या लेखी बारीक असतो.

आपल्याकडची गोष्ट तबकडीपासून सुरू होते. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान गायल्या, तेव्हा गाणं संपताच त्यांनी स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला कोणतं लेबल कुठे चिकटवायचं हे कळावं, म्हणून ही सोय होती. ख्यालाचं काय झालं असेल याची कल्पना करा. आलाप जवळजवळ गेला, बंदिश पहिल्या काही सेकंदांत सुरू आणि ताना घाईघाईत उरकायच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेलं केसरबाई केरकरांचं ध्वनिमुद्रणही साडेतीन मिनिटांचंच आहे.

त्याच कात्रीतून एक नवी गोष्टही जन्माला आली, ती म्हणजे भावगीत. ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी हे माप तबकडीच्या एका बाजूचं माप आहे. त्यातच १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. आधी कर्ण्यात जोर लावून आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनपुढे हलक्या, घरगुती आवाजात गाता येऊ लागलं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या गळ्याच्या शेजारी हा दुसरा गळा उभा राहिला. जे. एल. रानडे, जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे ही त्या वळणावरची नावं. जोशी स्वतः १९३८ मध्ये मुंबईला एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत अधिकारी म्हणून रुजू झाले. गाणारा माणूसच कोणाचं ध्वनिमुद्रण करायचं ते ठरवू लागला, हे चांगलंच झालं. तरी दार एकच होतं आणि किल्ल्या मोजक्या हातांत, हे विसरता येत नाही.

आता एका गाण्याच्या पोटात शिरू. पन्नास-साठच्या दशकांत ताडदेवचं फिल्म सेंटर, फेमस आणि वांद्र्याचं मेहबूब इथे गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच ध्वनिमुद्रणात बसायचे. व्हायोलिनच्या रांगा, चेलो, ॲकॉर्डियन, ट्रम्पेट, सतार, बासरी, ढोलक, तबला. पाश्चात्त्य वाद्यांच्या रांगांत गोव्याहून आलेले नोटेशन वाचणारे वादक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्यासाठी कागद लिहिणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर. एकाचा स्वर चुकला की सगळ्यांचा नवा टेक. त्या काळचं कोणतंही नावाजलेलं गाणं घ्या आणि पहिल्या अंतऱ्याआधीचं व दुसऱ्या अंतऱ्याआधीचं संगीत शेजारी ठेवून ऐका. बहुतेक वेळा ते वेगळं निघेल. एकीकडे व्हायोलिन, तर दुसरीकडे सतार किंवा बासरी.

यामागे कलेइतकंच अर्थकारण आहे. वादकांना शिफ्टचे पैसे मिळायचे. चाळीस माणसं बसलेलीच आहेत, तर दुसरा तुकडा नवा लिहायला अरेंजरच्या मेहनतीखेरीज फारसा खर्च नव्हता. आज सॉफ्टवेअरमध्ये आठ आवर्तनं उचलून पुढे चिकटवायला दोन सेकंद लागतात, आणि नवं लिहून नवा वादक बोलवायचा तर पैसे जातात. गणित उलटं फिरलं आणि गाण्याचा दुसरा इंटरल्यूड, म्हणजे अंतऱ्याआधीचा वाद्यांचा तुकडा, हरवला. या एका मुद्द्यावर जुन्या श्रोत्यांची तक्रार आम्हाला शंभर टक्के मान्य आहे.

मात्र तेच श्रोते एक गोष्ट सोयीने विसरतात. वाद्यांची ती श्रीमंती मूठभर गळ्यांभोवती गुंफलेली होती. दोन-तीन दशकं पडद्यावरच्या बहुतेक नायिका दोन बहिणींच्या आवाजात गायल्या. गळ्यांचा हिशेब मांडला तर आजचा काळ कितीतरी पुढे आहे.

यंत्रांवर सगळं खापर फोडणंही बरोबर नाही. मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर (ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८) दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोते चक्रावले. शिकागोत काही वर्षांनी जो ॲसिड हाऊस या नाचाच्या संगीताचा नाद जन्मला, तो इथे आधीच वाजला होता. यंत्रं तीच, निवड वेगळी.

बिघाड कुठे होतो ते नेमकं सांगायला हवं. पहिली जागा म्हणजे क्लिक, लय धरायला लावलेला यांत्रिक ठोका. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची लय एका आकड्यावर बांधली जाते आणि सगळे ठोके त्या जाळीवर बसवले जातात. लावणीत ढोलकीवाला लय हळूहळू चढवतो, समेआधी किंचित रेंगाळतो. जाळीवर बसवलं की हे दोन्ही जातं. टेम्पो ट्रॅकवर चढती लय आखता येते, पण ती आखायला वेळ लागतो आणि तयार लूप तिच्यावर ताणला की फाटका वाजतो. म्हणून बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत.

दुसरी जागा सुरांची. तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने खाली असतो, आणि कोमल गंधार सुमारे १६ सेंटने वर. १०० सेंट म्हणजे कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे गायकाचा सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आलं. ते मुळात कीबोर्डच्या पट्टीला सूर जुळवतं. त्याचा रिट्यून स्पीड (सूर किती झटकन ओढायचा ते ठरवणारं सेटिंग) शून्यावर, म्हणजे सर्वांत झटपट, ठेवला तर मींडेचा जिना होतो, प्रत्येक पायरी वेगळी ऐकू येते. रागाचेच स्वर निवडून ठेवले तर कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर) शेजारच्या स्वराकडे खेचला जातो. जाणकार इंजिनिअर वेग मंद ठेवतो किंवा आलेख उघडून फक्त घसरलेला लांब स्वर हाताने सावरतो आणि बाकीच्याला हात लावत नाही. या कामाला एका गाण्यामागे काही तास लागू शकतात. घाई असली की सगळ्या गाण्यावर एकच सेटिंग फिरतं, आणि मग चार गायिकांचे आवाज एकाच गिरणीत दळल्यासारखे बाहेर पडतात.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजायच्या एककाच्या) पातळीवर आणून ठेवतात. कोणी उणे ७ पर्यंत दाबून मास्टर केलं असेल, तर ते सात डेसिबल खाली येतं. मोठेपणा मिळत नाही आणि दाबलेला जीवही परत येत नाही. पण विरारच्या गाडीत दारात उभं राहून ऐकणाऱ्याला फार चढउतार असलेलं गाणं ऐकूच येत नाही, हेही खरं. शिवाय मोबाइलच्या बारक्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं फारसं झेपत नाही. ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूचा, घुमारा तिथेच मरतो आणि उरते फक्त दुसऱ्या बाजूची टणक चाट. मग संगीतकारही ऐकू येईल तेवढंच भरतो.

दार खऱ्या अर्थाने उघडलं ते ऐंशीच्या दशकात कॅसेटने. तबकडीला कारखाना लागायचा. कॅसेटला कॉपी करणारी दोन-चार यंत्रं आणि एक खोली पुरायची. प्रल्हाद शिंदे यांच्यानंतर त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद घरोघरी पोचले. भीमगीतं, कोळीगीतं, गणपतीची गाणी, सवाल-जवाब यांच्या कॅसेटी एसटी स्टँडांवर आणि स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर मिळू लागल्या. ज्यांच्या गाण्याला आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये किंवा कंपनीच्या ऑफिसात जागा नव्हती, त्यांना बाजाराने जागा दिली. पण याच कॅसेटने नकलांचाही पूर आणला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये तरतूद होती की गाणं एकदा ध्वनिमुद्रित झालं असेल, तर नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता येईल. त्या आधारावर जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटींचे ढीग लागले. २०१२ च्या दुरुस्तीने मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायची अट घातली आणि दर वर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी ठरवली. सर्वाधिक विविधता आणि सर्वाधिक पुनरावृत्ती एकाच दशकात, एकाच डबीत होती.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम केंद्रं एकामागून एक सुरू झाली. तेव्हा वाटलं होतं की पाच केंद्रांवर पाच तऱ्हेचं संगीत वाजेल. बहुतेकांना जाहिरातदार तेच आणि श्रोताही तोच हवा होता, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तीच ताजी हिंदी गाणी दिवसातून अनेकदा फिरत राहिली. मराठीला त्या फेऱ्यात फारशी जागा मिळाली नाही.

स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आलं. तिथे तीस सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो, म्हणून लांब सुरुवात परवडत नाही. २०२४ पासून गेल्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नसलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. जुलै २०२० मध्ये रील्स आल्यावर तर गाण्याचा एखादा तुकडाच गाजतो, बाकीचं त्याच्या मागे फरफटतं. मालवणी, आगरी, अहिराणी गाणी, धारावीतलं रॅप, पालघरकडचं तारपा वादन हे सारं आज एका बोटाच्या अंतरावर आहे. इतकं कधीच नव्हतं. पण शिफारशीच्या यादीत वर तेच येतं, जे आधीच ऐकलेल्यासारखं आहे.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर वीस जुनी आणि वीस नवी गाणी घ्या. जुनी निवडताना फक्त आठवणीतली घेऊ नका. काळाने गाळून ठेवलेली चांगलीच तेवढी आठवतात. कुठल्याही एका वर्षाची अख्खी यादी घ्या. प्रत्येक गाण्याचा ताल, लय बदलते की नाही, गाणं सुरू होऊन किती सेकंदांनी आवाज येतो, इंटरल्यूड एकच आहे की दोन, आणि गळा कोणाचा, हे कागदावर मांडा. ताल आणि इंटरल्यूडच्या रकान्यांत जुनी गाणी जिंकतील, गळे आणि बोलींच्या रकान्यांत नवी, असा आमचा अंदाज.

आणि एक रकाना बेंजो पार्टीसाठी ठेवा. मुंबईत ज्याला बेंजो म्हणतात ते वाद्य मुळात बुलबुल तरंग. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात बनलेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात नखी, पोटात पिकअप आणि तिथून वायर थेट ॲम्प्लिफायरला. बटणांमुळे मींड जवळजवळ अशक्य, म्हणजे जे ऑटो-ट्यून करतं ते इथे लाकडात आधीच कोरलेलं असतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत हा बेंजो त्या वर्षीची सगळी हिट गाणी एकाच नादात वाजवतो. पण शेजारी ताशा आणि ऑक्टापॅड असतो, क्लिक नसतो. गल्ली अरुंद झाली की लय उतरते, आणि नाका दिसला की चढते.