'अस्सल' ठरवायचे कोणी? जुन्या हँडबॅगांच्या बाजाराची पार्श्वभूमी

जुन्या नामांकित हँडबॅगांच्या व्यवहारात आज सर्वाधिक वाद कोणत्या शब्दावरून होत असेल, तर तो 'अस्सल' या शब्दावरून. 'व्हिंटेज' हा शब्दही सैल वापरला जातो. व्यापारात साधारणपणे वीस वर्षांपूर्वीच्या वस्तूला तो लावण्याचा रिवाज आहे, पण ती मुदत एखाद-दोन वर्षांनी पुढेमागे झाली म्हणून कोणी न्यायालयात जात नाही. 'अस्सल'वरून मात्र जातात.

हँडबॅगेचा पूर्वेतिहास फार लांबवण्याची गरज नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील स्त्रियांचे पोशाख सडपातळ झाले, घेरदार झग्याआड कमरेला बांधायचे खिसे त्यांत लपेनात आणि हातात धरायची छोटी पिशवी प्रचारात आली. पुढे रेल्वेच्या प्रवासाने ट्रंका आणि कातडी सामानाला मागणी आली. आज ज्यांच्या बॅगा लिलावात जातात, त्या घराण्यांपैकी काहींची सुरुवात अशा ट्रंकांपासून झाली, तर काहींची घोड्यांच्या खोगीर-लगामांपासून. नकलेची चिंताही तेव्हापासूनची आहे. पॅरिसच्या एका ट्रंकवाल्या घराण्याने १८८८ साली चौकटींचे आणि १८९६ साली आद्याक्षरे व फुले गुंफलेले कापड आणले, त्यामागे आपला माल चटकन ओळखू यावा आणि नकलेला आळा बसावा हाच हेतू होता. आज सर्वाधिक नक्कल याच नक्षीची होते.

संग्राहकांच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. फ्लॉरेन्सच्या एका घराण्याने १९४७ साली टंचाईच्या दिवसांत वाकवलेल्या बांबूची मूठ असलेली बॅग केली. फेब्रुवारी १९५५ मध्ये पॅरिसमध्ये साखळीच्या पट्ट्याची बॅग निघाली आणि तिला त्या महिन्या-वर्षावरून '२.५५' हे नाव मिळाले. खांद्यावर अडकवता येणाऱ्या त्या बॅगेने स्त्रियांचे दोन्ही हात मोकळे केले. या बॅगा वापरण्यासाठी केलेल्या होत्या. त्या जपून ठेवून पुन्हा विकण्याची संघटित बाजारपेठ बरीच नंतर उभी राहिली आणि तिच्या घडणीत जपानचा वाटा मोठा आहे. ऐंशीच्या दशकातील तेजीत तेथे युरोपीय बॅगांची प्रचंड खरेदी झाली, आणि तेजी ओसरल्यावर तोच माल वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत आला. तेथे जुन्या मालाच्या व्यापाराला १९४९ च्या कायद्यापासून परवाना लागतो. कोपरे, मूठ, अस्तर आणि वास तपासून मालाला ए, एबी, बी अशी प्रत देण्याची शिस्तही तेथील व्यापाऱ्यांनी रुजवली.

याच बाजाराने बॅगेतील खुणांना नवा अर्थ दिला, आणि खरा गुंता येथूनच सुरू होतो. ट्रंकवाल्या घराण्याच्या बॅगांत ऐंशीच्या दशकापासून जो संकेत छापला जाई, त्यातील अक्षरे कारखाना सांगत आणि आकडे उत्पादनाचा काळ. तो घराण्याच्या अंतर्गत सोयीसाठी होता. एकाच कारखान्यातून एकाच काळात निघालेल्या अनेक बॅगांवर तोच संकेत असे. खोगिरांपासून सुरुवात केलेल्या पॅरिसच्या एका घराण्याचे वर्षाक्षर, म्हणजे बॅग कोणत्या वर्षी घडली हे सांगणारे अक्षरही तसेच होते : १९७१ पासून ते वर्तुळात, १९९७ पासून चौकोनात आणि २०१५ पासून चौकटीविना उमटू लागले. तरीही दुय्यम, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराने या खुणांना दाखल्याचे मोल दिले. तेव्हा नकला करणारेही आधी तेच आकडे गिरवायला शिकले. उलट, '२.५५'वाले घराणे बॅगेत क्रमांकाचे स्टिकर चिकटवी. त्याच्या बॅगेचा स्टिकर वापराने झिजून गळाला, तर निर्दोष बॅगही संशयास्पद ठरू लागली. हा तिच्यावर अन्यायच आहे, कारण जाणकार माणूस संकेत शेवटी पाहतो. टाक्यांचा तिरपेपणा, कडेवरचा रंग, कडीचे वजन आणि चामड्याची घडी तो आधी पाहतो.

न्यूयॉर्कमधील एका खटल्याने हा प्रश्न ऐरणीवर आणला. याच स्टिकरवाल्या घराण्याने जुन्या मालाच्या एका विक्रेत्यावर २०१८ साली दावा लावला. काही बॅगांवरील क्रमांक इटलीतील कारखान्यातून चोरीस गेलेले आहेत, दुकानात मांडणीसाठी केलेल्या वस्तू विक्रीला नव्हत्याच, आणि जाहिरातींमुळे विक्रेत्याचा आमच्याशी संबंध असल्याचा समज होतो, असे घराण्याचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने घराण्याच्या बाजूने निकाल देऊन ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. चोरीच्या क्रमांकांबाबतचा आक्षेप रास्त आहे. पण घराण्याच्या युक्तिवादामागील व्याख्या अधिक दूरवर जाते : वस्तू कोणी घडवली यापेक्षा तिच्या विक्रीला घराण्याने संमती दिली होती का, यावर अस्सलपणा ठरू लागतो. एकदा रीतसर विकलेली वस्तू पुन्हा विकण्याचा मालकाचा हक्क बहुतेक ठिकाणी मान्य आहे. या व्याख्येने तो हक्क हिरावला जात नसला, तरी विकताना तिला काय म्हणावे याची सत्ता हळूहळू एका बाजूला सरकते.

२०२१ पासून ट्रंकवाल्या आणि स्टिकरवाल्या अशा दोन्ही घराण्यांनी छापील संकेत व स्टिकर सोडून बॅगेत चिप बसवायला सुरुवात केली. चिप आहे एवढे मोबाइलला कळू शकते, आतील नोंद वाचण्याची किल्ली मात्र घराण्याकडेच राहते. म्हणजे आजची बॅग उद्या व्हिंटेज होईल, तेव्हा तिच्याविषयीचा अंतिम शब्द बाजाराच्या हाती नसेल.

चिपेविना काय सिद्ध करता येते, हे १० जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या लिलावात दिसले. खोगीरवाल्या घराण्याने अभिनेत्री जेन बर्किनसाठी १९८५ साली घडवलेली पहिली बर्किन बॅग तेथे सुमारे ८६ लाख युरोंना गेली. बंद कड्या, न निघणारा खांदापट्टा, झाकणावरची तिची आद्याक्षरे, आत लटकवलेले नेलकटर आणि कधीकाळी चिकटवलेल्या स्टिकरांच्या उरलेल्या खुणा, या तपशिलांनी ती बाजारात नंतर आलेल्या प्रत्येक बर्किनहून निराळी ठरत होती.