डेन्मार्क व्हेसी : स्वतः मोकळा, मुलं गुलाम

२ जुलै १८२२ रोजी अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात डेन्मार्क व्हेसीला फाशी दिली गेली. आरोप होता गुलामांचं बंड रचल्याचा. पण तो स्वतः त्या वेळी गुलाम नव्हता. बावीस वर्षांपासून तो मोकळा होता आणि सुतारकाम करून पोट भरत होता. मग अशा माणसाने जिवावर उदार का व्हावं?

गुलामांचा व्यापारी असलेल्या कॅप्टन जोसेफ व्हेसीने १७८१ मध्ये कॅरिबियन बेटांवर त्याला विकत घेतलं, तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. पुढे १७९९ मध्ये त्याला सोडतीत १५०० डॉलर लागले. त्यातले ६०० मालकाला मोजून त्याने स्वतःला सोडवलं. बायको बेक आणि मुलं मात्र दुसऱ्यांच्या मालकीचीच राहिली. आई गुलाम तर मूलही गुलाम, असा तिथला कायदा. आपलं बरं चाललं आहे, पण मुलं गुलामीत आहेत, त्यांच्यासाठी काही करता येतं का पाहायचं आहे, असं तो म्हणाल्याचं खटल्यातल्या जबान्यांत नोंदलेलं आहे. सगळ्या प्रकरणाचं मूळ मला याच वाक्यात दिसतं.

दारं एकेक करून बंद होत होती. १८२० मध्ये साउथ कॅरोलिनाने, म्हणजे चार्ल्सटन ज्या राज्यात येतं त्याने, कायदा केला, की विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय कुणा गुलामाला मुक्त करता येणार नाही. व्हेसी ज्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाई, तिथल्या लोकांची धरपकड होत होती. इस्रायली लोक इजिप्तच्या गुलामीतून सुटले, ती बायबलमधली कथा तो लोकांना वाचून दाखवी. गुलामांनीच स्वतंत्र केलेला हैती देश समुद्रापलीकडे होताच.

बेत असा सांगितला जातो : १४ जुलैला शस्त्रागार ताब्यात घ्यायचं, मालकांना मारायचं आणि जहाजांनी हैती गाठायचं. पण मे महिन्यातच एका घरगडी गुलामाने मालकाला खबर दिली. बंडाची तारीख १६ जूनवर आणली, तरी शहरात पहारे बसले होते. खटले बंद दाराआड चालले. १३१ जण पकडले गेले, ३५ फासावर गेले. जबान्या फाशीच्या भीतीखाली घेतल्या होत्या, त्यामुळे कट खरोखर किती पुढे गेला होता, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

चर्च पाडलं गेलं. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, ते पुन्हा उभं राहिलं. त्याचा आराखडा व्हेसीच्या मुलाने, रॉबर्टने केला.