फंडस फोटो, ओसीटी, अँजिओग्राफी, बी-स्कॅन: कशात काय दिसतं?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या की 'एकीत भागणार नाही का?' असं हमखास विचारलं जातं. बऱ्याचदा भागत नाही, कारण प्रत्येक यंत्राला दिसणारी गोष्ट वेगळी असते.

फंडस फोटो हा डोळ्याच्या पडद्याचा (आत मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा थर, म्हणजे रेटिना) समोरून काढलेला रंगीत फोटो. नेहमीच्या कॅमेऱ्यात साधारण 45 अंशांचा भाग येतो. मधुमेहातले रक्ताचे ठिपके, पिवळे चट्टे यात स्पष्ट दिसतात. पडद्याला सूज किती, हे मात्र त्यावरून मोजता येत नाही.

ते काम ओसीटीचं (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी). इन्फ्रारेड प्रकाशाने पडद्याचा उभा छेद मिळतो, सुमारे 5 मायक्रॉनच्या बारकाव्याने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत. हनुवटी टेकवून आतल्या खुणेकडे पाहत राहायचं. स्कॅन बिघडतो तो साध्या कारणांनी: डोळा कोरडा पडला, पापणी मिटली, नजर हलली. अहवालावरचा सिग्नलचा आकडा आधी पाहा. तो कमी असेल तर जाडीच्या आकड्यांवर विसंबू नका. कृत्रिम अश्रूंचा थेंब घालून स्कॅन पुन्हा काढून घ्या. काचबिंदूच्या अहवालात लाल रंग दिसला म्हणून घाबरूही नका. यंत्र तुमची तुलना निरोगी डोळ्यांच्या नोंदींशी करतं. मायनस नंबर खूप जास्त असेल तर आजार नसतानाही लाल येऊ शकतं.

आमचा एक आग्रह आहे: पुढचे स्कॅन त्याच बनावटीच्या यंत्रावर करा. जाडी मोजताना पडद्याची मागची सीमा वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं वेगळ्या थरावर धरतात. त्यामुळे नुसतं यंत्र बदललं तरी सूज वाढल्यासारखी वाटते.

रक्तवाहिनी गळते का, हे अँजिओग्राफीत कळतं. हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन हा डाय (चमकणारा रंग) देतात (10 टक्क्यांचं असेल तर 5 मिली). ते 10-15 सेकंदांत डोळ्यात पोचतं, मग सुमारे 10 मिनिटं फोटो चालतात. थोडा वेळ मळमळू शकतं. त्वचा काही तास पिवळसर राहते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते. अ‍ॅलर्जी, दमा, किडनीचा आजार किंवा गर्भारपण असेल तर आधीच सांगा. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते. ओसीटी-अँजिओग्राफीला (ओसीटीच्या प्रकाशानेच रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) डाय लागत नाही, पण तिच्यात गळती दिसत नाही.

मोतीबिंदू पूर्ण पिकला किंवा डोळ्यात रक्त साचलं की प्रकाश आत जात नाही. तिथे बी-स्कॅन: मिटलेल्या पापणीवर जेल लावून ध्वनिलहरींनी. पडदा सुटलेला असेल तर कळतं, बारीक सूज कळत नाही.

बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर 20-30 मिनिटं थांबावं लागतं, आणि जवळचं 4-6 तास धूसर दिसतं. गाडी स्वतः चालवू नका, जुने अहवाल सोबत आणा.