मृत्यू आणि मर्तिक (ठाणे व नवी मुंबई)

मृत्यू : सजीवाच्या जीवनक्रियांचा कायमचा अंत. शरीरापुरते एवढे पुरते. समाजाच्या लेखी मात्र माणूस एका क्षणात जात नाही. डॉक्टर नाडी पाहतो तिथपासून दहाव्याला कावळा शिवेपर्यंत, आणि पुढे पालिकेच्या रजिस्टरात नाव चढून सातबाऱ्यावरून उतरेपर्यंत, त्याचे जाणे टप्प्याटप्प्याने पुरे होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रोबेर हर्ट्झ यांनी १९०७ मध्ये बोर्निओतील दयाक लोकांच्या दुहेरी दफनावरून हेच मांडले होते. देह, आत्मा आणि मागे राहिलेली माणसे, तिघांनाही नव्या ठिकाणी रुळायला वेळ लागतो. खाडीच्या वरच्या टोकाला शिलाहारांच्या काळापासून नांदते असलेले ठाणे आणि तिच्या पूर्व काठावर १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाल्यावर वसत गेलेली नवी मुंबई, या दोन शहरांत हा वेळ कोण देतो, किती देतो आणि कुठे कमी पडतो, ते या नोंदीत पाहायचे आहे.

कायद्याची व्याख्या

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जिवंत जन्म झाल्यानंतर केव्हाही जीवनाची सर्व चिन्हे कायमची नाहीशी होणे म्हणजे मृत्यू. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आला आणि त्यात मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची भर पडली. श्वास आणि शुद्ध ज्याच्या हाती आहे, तो मेंदूचा खालचा भाग कायमचा बंद पडला की माणूस मृत ठरवता येतो, मग हृदय चालू असले तरी. चार डॉक्टरांचे मंडळ तपासण्या करते आणि किमान ६ तासांनी त्या पुन्हा करते. व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला ठेवून रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का, हे पाहणे त्यातले निर्णायक.

अतिदक्षता विभागात ही व्याख्या घरच्यांच्या गळी उतरत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. छाती वरखाली होत असते, हात गरम लागतो, मॉनिटरवर ठोके दिसत असतात. समोर समुपदेशक अवयवदानाविषयी विचारत असतो आणि बायको पांघरूण सारखे करत असते. होकार मिळाला तर पुढची गाडी वेगाने हलते. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतात. अवयव हवे असलेल्या रुग्णांची प्रतीक्षायादी तिथे असते. नकार मिळाला तर मात्र घोळ होतो. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू प्रत्यारोपणाच्या कायद्यात सांगितला आहे, नोंदणीच्या कायद्यात नाही. त्यामुळे दान होणार नसेल तर यंत्र काढायचे की नाही, याबद्दल डॉक्टर धास्तावलेले असतात. ही संदिग्धता कायदा करणाऱ्यांनी दूर करायला हवी. एका व्याख्येने मेलेला आणि दुसरीने न मेलेला माणूस घरच्यांच्या ओटीत टाकणे बरे नाही.

असाध्य रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवण्याला सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग या हल्ल्यानंतर अनेक दशके अचेत पडून राहिलेल्या परिचारिकेच्या प्रकरणात २०११ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. तरीही घरात हा विषय काढला की 'असलं अभद्र कशाला बोलता' हेच पहिले उत्तर मिळते.

घरी आलेले मरण

रुग्णालयात मृत्यू झाला तर कागद तिथेच तयार होतात. कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये भरले जाते आणि पालिकेला परस्पर कळवले जाते. घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ लागतो. शेवटच्या आजारात ज्याने तपासले त्या डॉक्टरने तो द्यायचा, आणि तो हातात असल्याशिवाय स्मशानात पुढचे काही होत नाही. अडचण इथेच आहे. पंचाऐंशी वर्षांच्या आजी पहाटे झोपेतच गेल्या, नेहमीचे फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेलेले, आणि नव्या संकुलाजवळच्या डॉक्टरांनी त्यांना कधी पाहिलेलेच नाही. ते सही द्यायला कचरतात. मग पर्याय उरतो तो सरकारी रुग्णालयात नेण्याचा, आणि तिथे दाखल होण्याआधीच मृत्यू झाला असे ठरले की पोलिसांना कळवणे आले, कधी शवविच्छेदनही. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मरण यांत पंचनामा हवाच. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. पण म्हातारपणाच्या साध्या मरणालाही त्याच वाटेने जावे लागते, तेव्हा घरातल्यांना आपणच काही गुन्हा केल्यासारखे वाटते. घरी मरू इच्छिणाऱ्या माणसाच्या मुलांनी वेळेवर करण्याजोगी एकच तजवीज आहे. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येऊन पाहणारा एक डॉक्टर धरून ठेवावा.

मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली असून रुग्णालयांनी कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही देणे आता बंधनकारक आहे.

मर्तिक

मरण लागलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवून गंगाजल घालणे, ही हिंदू मराठी घरांत पहिली कृती. प्राण गेल्यावर दिवा लावतात, डोके दक्षिणेकडे करतात. मर्तिकाचे सामान एका गठ्ठ्यात मिळते : दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, काथ्या, पांढरे कापड, मडके, गोवऱ्या, गुलाल, बुक्का. तिरडी बांधणारी माणसे प्रत्येक वाडीत ठरलेली असत. आता ती शोधावी लागतात. वीस मजली इमारतीत तिरडी खाली वाहनतळाच्या कडेला बांधतात, कारण ती लिफ्टमध्ये मावत नाही. ज्या इमारतीची लिफ्ट लहान आहे, तिथे देह चादरीत धरून किंवा खुर्चीवर बसवून जिन्याने उतरवतात. वळणावर पुढचा माणूस हळू आवाजात 'थांबा, डोकं सांभाळा' म्हणतो. ज्यांनी हे एकदा केले आहे, ते पुढच्या वेळी कुणी न सांगताच पायाशी उभे राहतात.

स्मशानात खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या होतात. दर फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडले जाते. तो दगड म्हणजे अश्मा, काही घरांत जीवखडा. दहाव्यापर्यंत तो जपून ठेवतात, कारण पिंडांसमोर मृताची जागा तोच घेतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायची आणि अस्थी खाडीत किंवा नाशिकला रामकुंडात सोडायच्या, अशी रीत. ठाण्यात जवाहरबागेसारख्या पालिकेच्या स्मशानांत लाकडाबरोबर दाहिनीची सोय आली आणि हा तिसरा दिवस आटला. दाहिनीतून अस्थी त्याच दिवशी हाती येतात. काही जण त्या झाडाला बांधून तिसऱ्या दिवसाची वाट पाहतात, काही जण अंघोळ करण्याआधीच विसर्जन उरकतात. लाकूड वाचते, धूर कमी होतो, हे खरेच आणि मोलाचेही. पण ते दोन दिवस शोक करणाऱ्याला स्मशानाकडे परत जाण्याचे कारण देत होते, हेही तितकेच खरे.

अंत्यविधीनंतर घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठले-भात आणतात. देशावरून आलेल्या घरांत यालाच कडू घास म्हणतात. दहाव्याला भाताचे पिंड मांडून कावळ्याची वाट पाहायची. तो येईना की घरचे एकेक जण पुढे होऊन हात जोडतात : 'धाकट्याचं लग्न आम्ही करू', 'आईला अंतर देणार नाही'. एरवी कधी न बोललेली वचने इथे दहा लोकांच्या देखत दिली जातात, आणि या विधीची ताकद माझ्या मते यातच आहे. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. तेराव्याला गोड जेवण होते, वर्षाने वर्षश्राद्ध, आणि पुढे दर भाद्रपदात पितृपंधरवडा.

नवी मुंबईतील आगरी-कोळी गावठाणांत हे सारे गावकीचे काम असते. बातमी कळताच कोणी लाकडाला जातो, कोणी भावकीला कळवतो, बायका घरात येऊन बसतात. दशक्रियेच्या पत्रिकेवर प्रवचनकाराचे नाव असते आणि अख्खे गाव जमते. सिडकोसाठी जमिनी गेल्या, गावांभोवती सेक्टर उभे राहिले, तरी मयताला धावून जाण्याची रीत टिकली. तिच्या शेजारीच कोपरखैरणे, घणसोलीतली माथाडी वस्ती आहे. सातारा, पाटण, जावळीकडच्या या घरांत देह गावाला न्यायचा असतो. रात्री रुग्णवाहिका ठरते, ग्रामस्थ मंडळ वर्गणी काढते, आणि पहाटे घाट ओलांडून गाडी शिवारात पोहोचते. यांचे अर्धे दुःख शहरात होते, उरलेले गावात.

विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथेविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. शहरात असा ठराव करणारी गावसभा नसते. इथे घरातल्या एखाद्या सुनेने किंवा मुलीनेच 'हे करायचं नाही' म्हणावे लागते. मुलींनी अग्नी देणे आता नवलाचे राहिलेले नाही.

इतर परंपरा

आंबेडकरी बौद्ध घरांत त्रिसरण-पंचशील घेऊन अंत्यविधी होतो आणि पुढे जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृताच्या स्मरणाचा, कार्यक्रम. लिंगायतांत देह बसलेल्या स्थितीत पुरतात. राबोडी, मुंब्रा इथल्या मुस्लिम वस्तीत गुस्ल (देहाला अंघोळ), कफन, जनाजाची नमाज आणि दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी. ठाण्यातील ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे १८७९ चे शार हाशामाइम हे प्रार्थनामंदिर ठाण्यात आहे. त्यांच्यात दफनानंतर सात दिवस घरी दुखवटा पाळतात. यातले बरेच तरुण इस्रायलला गेले, त्यामुळे इथल्या कबरींकडे येणारी माणसे कमी होत चालली आहेत.

ठाण्यातील चार मृत्यूंची नोंद युरोपात सातशे वर्षे जपली गेली आहे. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथीदार या फ्रान्सिस्कन धर्मप्रचारकांना इथे ठार करण्यात आले. जोर्डानस या दुसऱ्या धर्मोपदेशकाने त्यांना सोपाऱ्याला पुरले, आणि पुढे आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला.

महासाथ, देहदान

२०२० मध्ये अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली, आणि करोनाने गेलेल्यांचा देह तर बहुतेकांना प्लॅस्टिकच्या आवरणातूनच पाहावा लागला. खांदा देणे, चेहरा शेवटचा पाहणे, गळ्यात पडून रडणे, सगळे राहून गेले. अनेक घरांत ते दुःख अजून मिटलेले नाही.

नेत्रदानासाठी डोळे मृत्यूनंतर साधारण ६ तासांत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा. देहदानाला १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाचा आधार आहे. कळवा आणि नेरूळ इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि शेजारच्या डोंबिवलीतील दधीची देहदान मंडळ या कामाचा प्रसार करते. अर्ज मृताने भरलेला असला तरी फोन घरच्यांनाच करावा लागतो, म्हणून तो निर्णय जिवंतपणी सर्वांना सांगून ठेवणे गरजेचे.

देह सापडत नाही तेव्हा

खाडीत, पुरात किंवा नुसतेच घरातून निघून गेलेल्या माणसाचे काय? ज्यांना त्याची खबर असायला हवी होती, त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर कायदा तो मृत असल्याचे गृहीत धरतो. घरच्यांनी न्यायालयाकडून तसे जाहीर करून घ्यायचे. धर्मशास्त्राने बारा वर्षांची वाट सांगितली आणि मग पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देणे. या वाट पाहण्याच्या काळात बायकोने कुंकू लावायचे की नाही, मुलांनी श्राद्ध करायचे की नाही, बँकेत आणि जमिनीच्या कागदावर कोणते नाव ठेवायचे, हे दर घर आपापल्या परीने ठरवते. जमिनीचा मोबदला किंवा साडेबारा टक्क्यांचा भूखंड (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडको देते तो) अडकलेल्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांत वारस नोंदीसाठी माणूस मृत असल्याचा न्यायालयाचा आदेश आधी मागितला जातो.