युरियाची गोणी गेली कुठे?

पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो, घाईघाईने त्यावर साबण घासला जातो आणि पिवळा डाग एकदम लाल होतो. हळद अल्कलीला भेटली की रंग बदलते. 'शेती आणि पर्यावरण' हा धडा मला शिकवायचा असता, तर मी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला नसता. या डागापासून सुरुवात केली असती.

कारण नेहमीचा धडा फार लवकर निकाल देतो. रासायनिक खतांच्या अतिवापराने जमीन आणि पाणी प्रदूषित होतं, असं एक वाक्य असतं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, मार्क मिळतात. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पडवीत त्याच खताच्या गोण्या रचलेल्या असतात. म्हणजे मुलाला एवढंच कळतं की आपला बाप काहीतरी वाईट करतो. का करतो आणि नेमकं काय होतं, हे त्या वाक्यात कुठेच नाही.

त्यापेक्षा गोणीचा हिशेब मांडावा. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. ही गोणी उसात विस्कटली. त्यातला किती नायट्रोजन पिकाने घेतला? आपल्याकडे साधारणपणे निम्म्याहून कमीच. मग बाकीचा दहा-बारा किलो गेला कुठे? पाचवी-सहावीच्या पोराला हा प्रश्न लगेच कळतो, कारण गोणीला किती पैसे पडले हे त्याने घरी ऐकलेलं असतं.

आता चार काचेच्या बरण्या घ्या, मुरंब्याच्या रिकाम्या असतात तशा. पहिलीत चार बोटं ओलसर काळी माती, बाकी काही नाही. ओल वाफशाइतकी हवी, चिखल नको. दुसरीत तेवढीच माती आणि वर चमचाभर युरिया. तिसरीत तेवढाच युरिया, पण मातीच्या तळाशी गाडलेला. चौथीत माती नाहीच, नुसत्या स्वच्छ पाण्यात विरघळवलेला युरिया. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या, किंचित ओल्या करून प्रत्येक झाकणाच्या आतून टांगायच्या. कागद मातीला टेकू द्यायचा नाही. झाकणं घट्ट लावायची आणि रोज मधल्या सुट्टीत पाहायचं.

काही दिवसांत दुसऱ्या बरणीतला कागद तांबूस व्हायला लागतो. झाकण उघडलं तर वास येतो. नाक बरणीत घालायचं नाही, हाताने हवा आपल्याकडे ओढायची. पोरं वास लगेच ओळखतात, गोठ्यातला किंवा न धुतलेल्या मुतारीतला. हा अमोनिया. मातीतल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते युरिया फोडतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. चौथ्या बरणीत माती नाही, त्यामुळे विकरही नाही, म्हणून तिथला कागद पिवळाच राहतो. आणि तिसरीत? तिथला कागद उशिरा किंवा फिकट बदलतो, कारण वर येता येता बराचसा अमोनिया मातीच्या कणांना चिकटून बसतो. कधी तिसरीतलाही लाल होतो. तेव्हा माती भेगाळली होती का, युरिया जास्त पडला का, हे शोधायला लावावं. माझ्या मते फसलेल्या प्रयोगात मुलं जास्त शिकतात, फक्त शिक्षकाला त्याची लाज वाटता कामा नये.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि तिचा सामू (pH) 8च्या आसपास असतो, म्हणजे ती अल्कलीकडे झुकलेली असते. अशा जमिनीत अमोनिया आणखी सहज उडतो. जुनेजाणते शेतकरी खत मातीआड करायला सांगतात, त्यामागचं रसायनशास्त्र या दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीत दिसतं. कारखान्यात हवेतला नायट्रोजन प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पकडायचा, गोणीत भरायचा, ट्रकने गावात आणायचा, आणि तो पुन्हा हवेत सोडून द्यायचा. यात बाप दोषी की उघड्यावर खत फेकण्याची सवय, हे मुलं आपसूक बोलायला लागतात.

उडून गेला नाही त्यातला काही नायट्रोजन नायट्रेट बनून पाण्याबरोबर खाली जातो. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, ते विहिरीपर्यंत पोचतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. मात्र विहिरीत नायट्रेट सापडलं की लगेच शेताकडे बोट दाखवू नये. शेजारचा शोषखड्डा आणि उकिरडाही तेच करतो. तिसरी वाट सगळ्यात गुपचूप: रान तुंबलं, वाफसा गेला, मातीतली हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता धरून ठेवतो. रानात याचा वास येत नाही, याला रंग नाही, आणि हळदीचा कागदही त्याला ओळखत नाही.

इथे एक कुंडी मात्र शेजारी ठेवलीच पाहिजे. धुतलेल्या वाळूत मका लावायचा, एका कुंडीला खतपाणी, दुसरीला नुसतं पाणी. दुसरीतला मका पिवळा पडतो, खालची पानं आधी करपतात. खत का घालतात, हे त्या पिवळ्या पानांकडे पाहून कळतं. ही कुंडी नसेल तर बरण्यांचा प्रयोग अर्धसत्य शिकवतो.

दुसरा प्रयोग चहाच्या गाळणीचा. गवत माजलेल्या बांधावरचं एक ढेकूळ आणि चार पावलांवरच्या नांगरलेल्या रानातलं एक. दोन्ही एकाच जातीच्या मातीची हवीत, नाहीतर तुलना फुकट. सावलीत चांगली वाळवून दोन गाळण्यांत ठेवा आणि काचेच्या ग्लासात पाण्यात बुडवा. बहुतेक वेळा नांगरटीतलं ढेकूळ बुडबुडे सोडत काही मिनिटांत विरून खाली बसतं. बांधावरचं तग धरतं. कोरड्या ढेकळाच्या पोकळ्यांत हवा असते. पाणी आत घुसलं की ही हवा कोंडते आणि ढेकूळ आतून फुटतं. बांधावरच्या मातीला गवताची केसासारखी मुळं, बुरशीचे धागे आणि कुजलेल्या पाल्याचा चिकटपणा बांधून ठेवतो. वारंवार नांगरटीने ते धागे तुटतात, माती उघडी पडते, आणि आपल्या उन्हात तिच्यातला सेंद्रिय कर्ब झपाट्याने संपतो. घरी मृदा आरोग्य पत्रिका आली असेल तर ती मागवा. त्यावर सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली असेल तर तो 'कमी' धरतात. त्या आकड्याचा अर्थ गाळणीत दिसतो.

तिसऱ्याला प्रयोगही म्हणवत नाही. जुन्या माठाच्या बुडाशी पांढरा थर जमतो, तो बघायचा. पाणी झिरपून वाळतं, क्षार मागे राहतात. सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या ऊसपट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या त्या अशाच. पाटाने भरपूर पाणी दिलं, निचऱ्याची सोय नाही, भूजल वर आलं, ते मातीतून पृष्ठभागाकडे चढलं, उन्हाने वाळलं आणि पांढरी साय ठेवून गेलं. क्षार बाहेरून कुणी आणून ओतले नव्हते. ते पाण्यात आणि जमिनीत होतेच, त्यांना फक्त वर आणलं गेलं.

पाण्याचा विषय निघाला की गणिताच्या सरांना वर्गात बोलवावं. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. हे एक वाक्य पक्कं झालं की मुलं पुढे कुणाचं ऐकत नाहीत. पाटपाण्यावरच्या उसाला पाऊस धरून वर्षाला ढोबळमानाने 2,000 मिलिमीटर पाणी लागतं असं धरू, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर. ऊस हेक्टरी 80 टन धरला तर किलोभर उसाला 250 लिटर. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, 10 टक्के धरला तर किलोभर साखरेला 2,500. आता चहात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर घाला: 25 लिटर पाणी! अर्थात हा सगळा बोजा साखरेवर टाकणं थोडं अन्यायाचं आहे, उसातून बगॅस (चोथा) आणि मळीही निघते, आणि ठिबकवर आकडा बराच खाली येतो. आकडा कशाने बदलतो हे शोधणं हाच गृहपाठ.

हाच हिशेब अख्ख्या गावाने मांडला तर काय होतं, ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवलं. पाऊस साधारण 400 मिलिमीटर, गावाचं क्षेत्र सुमारे 977 हेक्टर. वरच्या सूत्राने गावावर वर्षाला जवळपास 390 कोटी लिटर पाणी पडतं. ऐकायला प्रचंड. पण आपल्या उसाच्या हिशेबाने ते फक्त 195 हेक्टरला पुरेल, तेही एक थेंब उडाला नाही, वाहिला नाही आणि कुणी प्याला नाही तर. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, उसासारखी तहानलेली पिकं टाळली आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. ताळेबंदात त्रैराशिकापलीकडचं गणित फारसं नाही. अवघड असतं ते आकडा मान्य करणं.

शाळेत शेती शिकवा, ही मागणी काही नवी नाही. 1882 साली महात्मा फुल्यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं, आणि त्याला जोडून प्रात्यक्षिकासाठी छोटं नमुना शेत असावं असंही सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी सरकारच्या रिकाम्या लष्कराकडून आणि पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल, असं सांगितलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली मुलं हाताने काम करत शिकतात. बाकी बहुतेक ठिकाणी नमुना शेत म्हणजे शाळेच्या कुंपणालगतची तुळस आणि सुकलेली दोन वांग्याची झाडं. त्याच वाफ्यात गाळणीसाठीचं ढेकूळ मात्र मिळतं, एवढी सोय आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की एक काम चुकवू नका. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात ओढा वाहू लागला की शिक्षकाने स्वतः, काठावरून, दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी काढायचं. ते लिटरभराच्या बाटलीत भरून तारीख लिहून खिडकीत ठेवायचं. आधी जाड गाळ खाली बसतो, मग मध्यम. काळ्या मातीचे सगळ्यात बारीक कण मात्र दिवसेंदिवस तरंगत राहतात, पाणी चहासारखं दिसतं. जुलैत रानं हिरवी झाल्यावर दुसरी बाटली, सप्टेंबरात तिसरी. तिन्ही ओळीने ठेवून तळाचा गाळ पट्टीने मोजायचा. मग गावाचा नकाशा काढून ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणाकुणाची रानं आहेत, कोणत्या उतारावर बांध फुटलाय आणि कुठे गवत राखलंय, ते मुलांना भरायला सांगायचं. पहिल्या बाटलीतली माती कोणत्या रानातली, यावर वर्गात हमखास भांडण होतं.